सोडताय कशाला, द्या की

पकडलेला मासा परत पाण्यात सोडणाऱ्या माणसाबद्दल बुधाजीचं मत पक्कं होतं. अशा माणसाला एक तर दात नसतात, नाहीतर डोकं नसतं. कमलेश साहेबाचे दात तर तो गाडीतून उतरून हसला तेव्हाच लांबून दिसले होते. म्हणजे राहिलं डोकं.

तसं ज्याच्याबद्दल बुधाजीचं मत पक्कं नाही असा माणूस धामणकोंड गावात शोधूनही सापडला नसता. जाळं लावणारे त्याच्या लेखी चोर होते, सुरुंग लावून मासे मारणारे हलकट, आणि खोपोलीच्या बाजारात जाऊन बर्फातला बांगडा विकत घेणारे तर माणसांत धरायच्या लायकीचेच नव्हते. भात लावावा, झोडावा, उरलेल्या वेळात गायडोहाच्या खडकावर बसून गळ टाकावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची लायकी काढावी, असा त्याचा वर्षाचा क्रम होता. गळाला हात चांगला होता, हे कबूल करायला हवं. पण चांगल्या हाताला जेवढी गुर्मी शोभते त्याच्या चौपट त्याच्याकडे होती, आणि ती सगळी तोंडावाटे बाहेर पडायची.

साहेब दिवाळीनंतरच्या एका रविवारी पहिल्यांदा डोहावर आला. घडीची खुर्ची, सुपाएवढी टोपी, जागोजागी खिसे असलेलं जाकीट आणि चकचकीत विलायती काठी.

"येवढा सरंजाम घेऊन आमचा आजा लग्नाला गेला नसंल," बुधाजी शेजारी बसलेल्या गजाला म्हणाला. गजा हा गावातला रिकामटेकडा. बुधाजीनं बोलायचं आणि गजानं हसायचं, अशी दोघांत कामाची वाटणी होती. गजा हसला.

पण नदीला कुणाची लाज नसते. त्या नवशिक्याला तिनं पहिल्याच दिवशी हातभर शिवडा दिला. शिवडा म्हणजे डोहातला दरोडेखोर, लहान मासे गिळून माजलेला, मिशा फेंदारून फिरणारा. साहेबानं तो ओल्या फडक्यात धरला, गरी हळूच सोडवली, मोबाइलवर फोटो काढला, माशाच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि त्याला अलगद पाण्यात सोडून दिलं.

बुधाजीच्या तोंडातली विडी पडली.

"साहेब, ह्यो काय परकार?"

"खेळ आहे हा. पकडायचं आणि सोडायचं. माशाला इजा होऊ द्यायची नाही."

"मंग त्याला पकडायचाच कशाला? घरी बसा की. त्यालाबी बरं, तुमालाबी बरं."

साहेब पुन्हा दात दाखवून हसला. मग गाडीतून विकतच्या पाण्याची बाटली काढून त्यानं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. नदी पुढ्यात वाहत असताना बाटलीच्या पाण्यानं हात धुणारा माणूस! त्या दिवशी बुधाजीनं घरी जाऊन बायकोला, येसूबाईला, ही गोष्ट तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा तो पोट धरून हसला. येसूबाई भाकऱ्या थापत होती. तिला हसू आलं नाही. "हासताय काय," ती म्हणाली, "येवढा मासा डोळ्यांदेखत ग्येला आनि तुमी दात काढत आलात."

ते त्याला लागलं. पुढच्या रविवारी साहेबानं मासा काढला, ओठ टेकवले आणि तो खाली वाकणार, एवढ्यात बुधाजी खडकावरून उतरून हात पसरून उभा राहिला.

"साहेब, सोडताय कशाला, द्या की."

साहेब थबकला. त्यानं माशाकडे पाहिलं, बुधाजीकडे पाहिलं, पुन्हा माशाकडे पाहिलं. "घरी कोण कोण खातं?" त्यानं विचारलं.

"आमी दोघं. आनि पोरगी हाय, हर्षला. शेलूला दिलीय. पोटुशी हाय, पयलटकरीन. तिला डोहाळेच माशाचे लागलेत."

"मग तिला छोटे मासे देत जा. मोठा कशाला? छोट्यांना चव असते."

"आनि मोठा?"

"मोठा... सोडून देऊ."

बुधाजी मनातल्या मनात हसला. असं आहे होय! छोटा आम्हाला आणि मोठा यांना, फोटो काढायला. माणूस येडा दिसतो, पण कंजूष आहे. "साहेब, आमच्याकडं पोटुशीला चिंगळ्या-मळ्या देत नायत. मोठ्या माशाचं डोकं देतात. पोराचं डोकं मोठं व्हतं."

"रोज नका खाऊ एवढंच," साहेब पुटपुटला.

"आमी दगूड खाऊन पचवतो."

"पचवा," साहेब म्हणाला आणि मासा दिला. मग बाटली काढून हात धुतले.

पलीकडच्या काठावर सदू जाळं झटकत हे पाहत होता. सदू पलीकडच्या वाडीतला, जाळेवाला, म्हणजे बुधाजीच्या हिशेबी चोर. दोघांचं बोलणं व्हायचं ते नदीवरून, ओरडून, आणि बहुतेक वेळा आईबापांच्या उद्धारापाशी संपायचं. त्या दिवशी सदू ओरडला, "बुधाजी, हाती आल्यालं कुनी सोडतंय का रं? त्यो सोडतोय त्याला कायतरी कारान आसंल."

"तुज्या पोटात दुखतंय," बुधाजीनं उत्तर दिलं. "मर तिकडं तुजी जाळ्यातली चिलापी खाऊन."

सदूनं पुन्हा विषय काढला नाही.

मग ते नेमाचंच होऊन बसलं. रविवारी साहेब यायचा, मासा काढायचा, ओठ टेकवायचा, बुधाजी हात पसरायचा. साहेबानं हळूहळू ओठ टेकवायचंही सोडलं. गरी काढली की मासा सरळ बुधाजीच्या पिशवीत. गळ साहेबाचा, आमिष साहेबाचं, दिवसभराचं ऊन साहेबाच्या डोक्यावर आणि मासा बुधाजीचा. स्वतःच्या काठीला हात न लावता बुधाजी खडकावर आयत्या बिळावरच्या नागोबासारखा बसून राही, आणि वर साहेबालाच मूर्ख म्हणे. गावात चहाच्या टपरीवर त्यानं साहेबाची नक्कल बसवली होती. टोपी म्हणून डोक्यावर सूप, मासा म्हणून हातात चप्पल, आणि चपलेला ओठ टेकवले की सगळी टपरी हसायची.

गजानं एकदा बातमी आणली. साहेब नदीच्या वरच्या अंगाला, घाटाखालच्या एका केमिकलच्या कारखान्यात आहे, आणि तिथं सांडपाण्याचं सगळं खातं त्याच्या हाताखाली आहे.

"म्हंजी मोरीचा मुकादम," बुधाजी म्हणाला. गजा हसून हसून वाकला. आता इथं कुणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात एक साधा प्रश्न यायला हवा होता. ज्याच्या हातून पाणी नदीत जातं, तो त्याच नदीचा मासा का खात नाही? पण दुसऱ्याला हसण्यात गुंतलेल्या माणसाच्या डोक्यात प्रश्न येत नाहीत. हसून झाल्यावर दोघांनी अर्धा-अर्धा चहा मागवला.

आणि नदी वाईट आहे हे धामणकोंडाला ठाऊक नव्हतं असंही नाही. एखाद्या उन्हाळ्यात पाण्यावर फेस येई, एखाद्या सकाळी काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडत. पण त्यावर गावाचा नियम ठरलेला होता: मेलेला मासा उचलायचा नाही, जिता खायचा. जिता मासा सांगतो, पाणी बरं आहे. वाडवडिलांपासून हा नियम चालत आलेला, आणि वाडवडिलांच्या वेळी वर कारखाना नव्हता ही गोष्ट कुणी लक्षात घेतली नव्हती.

रविवारी संध्याकाळी येसूबाई माशाचं कालवण करून डब्यात भरी आणि बुधाजी तो डबा घेऊन कर्जतवरून शेलूला जाई. जावई योगेंद्र तिथल्या नव्या इमारतीत राहायचा, ठाण्याला नोकरीला जायचा, आणि सासऱ्याच्या डब्याचा वास लिफ्टमध्ये राहतो म्हणून शेजाऱ्यांपुढे ओशाळायचा. बुधाजीला त्याचीही कीव यायची. लिफ्टला वास यायला नको म्हणे! हर्षला मात्र डबा उघडून दारातच बोट बुडवून चाखायची. "बाबा, डोकं आनलंत?" ती विचारायची. डोकं आणलेलं असायचंच. ती ते चोखूनपुसून खायची आणि बुधाजी समोर बसून बघायचा. सगळ्या जगाला नाक मुरडणारा हा माणूस त्या वेळी तेवढा गप्प असे.

सातव्या महिन्यात सासरच्यांनी डोहाळजेवण केलं. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, फोटोवाला, आणि जेवायला श्रीखंड. बुधाजी श्रीखंडाची वाटी बाजूला सारून घरी आला तो ठरवूनच. हर्षलाला बाळंतपणासाठी माहेरी आणायची आणि पहिल्याच रविवारी खरं डोहाळजेवण करायचं. माशाचं.

त्या रविवारी साहेबाबरोबर त्याची बायकोही आली होती. रिया तिचं नाव. झाडाखाली चादर पसरून बसली होती आणि बगळ्यांचे फोटो काढत होती. आणि त्याच दिवशी साहेबाच्या गळाला असा शिवडा लागला की तसला बुधाजीनंही जन्मात काढला नव्हता. माणसाच्या मांडीएवढा जाड. एवढा मोठा बघून साहेब पुन्हा त्याला सोडायला निघाला तर बुधाजीनं तो छातीशी कवटाळला.

"ह्यो सोडायचा नाय. आनि आज तुमी घरी जेवायला यायचं. पोरगी आलीय, जावई हाय. तुमच्या हातचा मासा, तुमचा मान."

मानाची गोष्ट वरवरची होती. बुधाजीला जावयाला दाखवायचं होतं की आपल्या घरी साहेब जेवतात, आणि साहेबाला दाखवायचं होतं की माणसं मासा कसा खातात. साहेबानं घड्याळ दाखवलं, पोटाची तक्रार सांगितली, मुलगी आजीकडे वाट बघतेय म्हणाला. पण रिया चादर झटकून उभीच राहिली. "चला ना, एवढं म्हणतायत ते. गावातलं जेवण कधी मिळतं आपल्याला?"

येसूबाईनं पाट मांडले. ओलं खोबरं, लसूण आणि कोकमाचं लालभडक कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वाफाळता भात. शिवड्याचं डोकं कोयत्यानं मधोमध फोडलेलं. त्या घराण्यात डोक्याची एक रीत होती. अर्धं डोकं पाहुण्याला, अर्धं पोटुशीला. आणि पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पोटुशीनं ताटाला हात लावायचा नाही. पाहुण्याचं पोट भरलं की येणारं पोर भरल्या घरात येतं, असं म्हणायचे.

साहेबाच्या ताटात अर्धं डोकं पडलं, एक डोळा वर करून. समोर हर्षला बसली होती, हिरव्या बांगड्या सावरत, पोटामुळं जरा मागं रेलून. तिच्या ताटात दुसरं अर्धं. तिची नजर साहेबाच्या हातावर होती.

"घ्या साहेब," बुधाजी म्हणाला.

"हो हो. जरा गरम आहे."

"गरमच खातात."

"मी काय म्हणतो, मला नुसता भात चालेल. आज गुरुवार—"

"आज आयतवार हाय साहेब," गजा दाराशी बसून म्हणाला. गजाला कुणी बोलावलं नव्हतं, पण माशाच्या वासाला त्याला आमंत्रण लागत नसे.

सगळे हसले. साहेबही हसला. कपाळावर घाम आला होता तो त्यानं रुमालानं टिपला, मग पाणी प्यायला, मग भिंतीवरच्या फोटोंबद्दल विचारलं. योगेंद्र उत्साहानं सांगायला लागला तसा बुधाजी खेकसला, "जावई, पाव्हन्याला जेवू द्या. पोर ताटकळलीय."

"असूं दे बाबा," हर्षला म्हणाली. पण तिला भूक लागली होती, ते सगळ्यांना दिसत होतं. साहेबालाही दिसत होतं.

माणूस किती खाली जाऊ शकतो ते अशा वेळी कळतं. साहेबापुढे दोन वाटा होत्या. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं, नाहीतर तोंड उघडून एक घास घालायचा. एका घासानं आपल्याला काही होत नाही, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं माशाचा नखाएवढा तुकडा काढला, भाकरीत दडवला, गिळला, आणि मान हलवून म्हणाला, "वा! मस्त!"

येसूबाईनं पदर तोंडाला लावून समाधानानं मान डोलावली. हर्षलानं ताटातलं डोकं उचललं.

"अहो, तिला सांगा ना!" रिया एकदम ओरडली.

हर्षलाचा हात तोंडापाशी थांबला.

"रिया, गप्प बस," साहेब दातांतून म्हणाला.

"गप्प काय बसू? सातवा महिना आहे तिला! आपली परी पोटात होती तेव्हा मला तुम्ही बाजारातला मोठा मासासुद्धा खाऊ दिला नाहीत. आणि हा तर या नदीचा! तो घरात आणायचा नाही म्हणून मला बजावता, आणि हिच्यापुढं बसून 'वा, मस्त' म्हणता?"

घरात कालवणाची वाफ तेवढी हलत होती. बुधाजीनं विचारलं, "काय हाय त्यात?"

रियाच म्हणाली, "पारा असतो, काका."

"पारा? तापाच्या नळीतला?" गजा उठून आत आला. त्यानं सरळ साहेबाच्या ताटात बोट घातलं, डोकं उलटं केलं, जबडा फाकवला, कालवण ढवळून पाहिलं. "कुठं हाय? चकाकत तर काय नाय."

"दिसत नाही तो," साहेब म्हणाला. आणि आता बिंग फुटलंच म्हटल्यावर त्याला एकदम वाचा फुटली. असल्या माणसांचं हेच. बोलायच्या वेळी मूग गिळतात, आणि बोलून उपयोग नसतो तेव्हा व्याख्यान देतात. गाळात पारा बसतो, तो बारीक किड्यांत जातो, किड्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठा खातो, आणि मोठ्याच्या अंगात तो साठत जातो. शिजवून जात नाही, धुऊन जात नाही. मोठ्या माणसानं क्वचित खाल्ला तर विशेष नाही, पोटातल्या बाळाच्या मेंदूला मात्र जपावं लागतं. आणि हे सगळं आमच्याच कारखान्यातून येतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. हे शेवटचं वाक्य त्यानं सगळ्यांत स्पष्ट उच्चारलं.

"पन जिता व्हता की," बुधाजी म्हणाला. "समदे मासे जिते व्हते."

"मासा मरत नाही त्यानं."

हर्षलानं हातातला तुकडा ताटात ठेवला. "साहेब, मी दर आयतवारी खाल्लंय," ती म्हणाली. "दिवाळीपासनं. दर आयतवारी डोकं." आणि मग आवाज बारीक करून, "माजं बाळ बरं आसंल ना?"

साहेबानं तिच्यावरची नजर काढली. तो बुधाजीकडे वळला. इतके महिने 'तुम्ही' म्हणणारा साहेब एकदम 'तू'वर आला. "मी तर सोडतच होतो. तूच म्हणालास, द्या. छोटे खा म्हणून सांगितलं होतं की नव्हतं? दगड पचवतो म्हणालास!"

यातला शब्द न् शब्द खरा होता.

पाहुणा उठला की यजमानानं हातावर पाणी घालायचं. बुधाजीनं सवयीनं तांब्या उचलला आणि मोरीपाशी गेला. साहेबानं खिशातून साबणाची वडी काढली आणि कोपरापर्यंत हात चोळले. बुधाजी पाणी घालत राहिला. दर रविवारी याच हातांना हसत आलो आपण. हा माणूस तोंडानं बोलला नाही, पण हातानं दर रविवारी आपल्या देखत सांगत होता, आणि आपण टपरीवर सूप डोक्यावर घेऊन त्याची नक्कल करत होतो. तांब्या रिकामा झाला तरी बुधाजी तो वाकडा धरून उभा होता.

"साहेब," गाडीपाशी तो म्हणाला, "माशाला सोडताना तुमी ओल्या फडक्यात धरायचात. त्याला दुखू नये म्हनून."

साहेबानं काच वर केली. रिया रडत होती, पण गाडी गेली ती गेलीच.

घरात येसूबाईनं सगळं कालवण एका घमेल्यात ओतलं होतं. नदीत टाकायचं तर नदीत काय कमी होतं, आणि कुत्र्याला घालायला तिचं मन होईना. परसात खड्डा खणून तिनं ते पुरलं. गजा खड्ड्यापर्यंत मागोमाग गेला आणि म्हणाला, "काकी, मला द्या की, मी काय पोटुशी नाय." येसूबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो कुंपणावरून गेला. मग ती नवऱ्याजवळ येऊन उभी राहिली.

"त्यो परका व्हता," ती म्हणाली. "तुमी बाप व्हतात."

दुसऱ्या दिवशी योगेंद्र हर्षलाला कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बुधाजी बाहेर बाकड्यावर बसला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मासा बंद करा, घाबरू नका, बहुतेक मुलं ठीक असतात. पण खात्रीनं आज काही सांगता येणार नाही. बाळ होईल, बसेल, चालेल, बोलेल, तसतसं कळेल. हर्षलानं बाहेर येऊन हे बापाला सांगितलं, रागानं नाही, नुसतं सांगितलं. गळ टाकून दिवसच्या दिवस वाट बघणारा तो माणूस. ही वाट मात्र त्याला बघवेना. त्यानं काठी ओटीच्या आढ्याला खोचून ठेवली ती पुन्हा काढली नाही. टपरीवर गजानं नवी नक्कल बसवली होती. तीत बुधाजी तांब्या धरून उभा असायचा. लोक हसायचे.

होळी झाली. एका रविवारी सकाळी बुधाजी गुरांना पाण्यावर घेऊन गेला होता, तेव्हा त्याला डोहापलीकडं ती टोपी दिसली. साहेबानं काठ बदलला होता. घडीची खुर्ची, जाकीट, काठी, सगळं तेच. फक्त नदीच्या पलीकडं, सदूच्या वाडीच्या बाजूला. आणि बुधाजी बघत असतानाच काठी वाकली. साहेबानं शिवडा काढला, ओल्या फडक्यात धरला, गरी सोडवली, फोटो काढला, ओठ टेकवले.

सदू जाळं टाकून धावत आला आणि हात पसरून उभा राहिला.

"साहेब, सोडताय कशाला, द्या की!"

साहेब थबकला. त्यानं माशाकडे पाहिलं, सदूकडे पाहिलं. सदूच्या सुनेला दिवस गेले आहेत, हे येसूबाईनं आदल्याच आठवड्यात बाजारातून ऐकून आणलं होतं.

"सदू!" बुधाजी ओरडला. "घेऊ नको रं! इख हाय त्यात! सुनेला घालू नको!"

सदूनं वळून पाहिलं. मग तो मोठ्यानं हसला. "तुज्या पोटात दुखतंय!" तो नदीवरून ओरडला. "येवढे दिस येकटाच गिळत व्हतास, तवा नव्हतं इख?"

"आरं, पारा हाय! त्याला इचार! साहेब, सांगा की त्याला!"

साहेबानं ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायला जागा नव्हती, त्या जागी हाक घुमते. त्यानं टोपी जरा पुढं ओढली, मासा सदूच्या हातात दिला आणि बाटली शोधायला पाठ वळवली.

"सदू, बघ, त्यो हात धुतोय बघ!" बुधाजीचा आवाज फाटला. "बाटलीच्या पान्यानं धुतोय, बघ की रं!"

सदूला त्याचंही हसूच आलं. नदीकाठी उभं राहून बाटलीच्या पाण्यानं हात धुणारा माणूस! तो मासा खांद्यावर टाकून वाडीच्या वाटेला लागला.

बुधाजीनं गुरं तिथंच सोडली. नदी ओलांडायचा उतार खाली लांब होता, तिकडून वळून जायचं तर सदू घरी पोचला असता. तो कपड्यांसकट सरळ डोहात उतरला. पाणी छातीला लागलं तरी त्याचं ओरडणं चालू होतं, आणि पलीकडं साहेब घाईघाईनं खुर्चीची घडी घालत होता.